अकरा मतदार आणि नियम नऊ

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी माझे अकरापैकी सहा मतदार बेपत्ता झाले.

शिपाई रामभाऊंनी ही बातमी आणली तेव्हा मी मतपेटीला लाख कशी लावायची याचा सराव करत होतो. मतपेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वरच्या झाकणाला मी स्वतः छिन्नीने फट पाडली होती.

"सर, पोट्टे गेले," रामभाऊ म्हणाले.

"कुठे?"

"प्रशांतच्या काकाची जीप आल्ती. सहाच्या सहा भरून नेले. कळंबच्या गणपतीले जातो म्हणे. तिथं शपथ घेतील, मंग कुठं जातील काय माहीत."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. त्या वर्षी विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचा निवडणूक अधिकारी होतो. या पदासाठी माझ्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सगळ्या ड्युट्या मी केल्या होत्या. शिवाय कॉलेजच्या परीक्षा विभागाचा प्रमुखही मीच. मुलांची हॉल तिकिटं, गुणपत्रिका, हजेरीचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. म्हणजे नियम आणि शिस्त दोन्ही माझ्याकडे. आणखी काय पाहिजे?

आता अकराच मतदार कसे, ते सांगतो. पूर्वी कॉलेजात सगळी मुलं मतदान करायची. पोस्टर, मिरवणुका, मारामाऱ्या, सगळं व्हायचं. नव्वदच्या दशकात कायदा बदलला आणि ते बंद झालं. नव्या पद्धतीत प्रत्येक वर्गात आदल्या परीक्षेत जो पहिला आला, तो आपोआप वर्गप्रतिनिधी. त्याला कोणी विचारतही नाही. आमच्याकडे आर्ट्स आणि सायन्सचे मिळून सहा वर्ग, म्हणून सहा टॉपर. त्यांत खेळ, एनएसएस आणि सांस्कृतिक विभागातून एकेक, आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. झाले अकरा. या अकरा जणांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. निवडणूक काय ती एवढीच.

कायद्याचा हेतू चांगला होता. राजकारण जावं, गुणवत्ता यावी. झालं इतकंच, की आधी हजार पोरांना फिरवावं लागायचं, आता एका जीपमध्ये काम भागायचं.

सचिवपदाला दोन उमेदवार होते. एक प्रशांत, खेळ विभागाचा प्रतिनिधी. कबड्डी उत्तम खेळायचा, दोन विषय मागे राहिले होते. त्याचे काका बापूसाहेब आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर. दुसरी करुणा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची टॉपर. अकरांत मुलगे सहा आणि मुली पाच. मुलींना कोणी जीपमध्ये नेणार नव्हतं. म्हणजे हिशोब सरळ होता. सहा विरुद्ध पाच.

करुणाच्या अर्जाचीही एक गंमत आहे. तिचा अर्ज तिच्या मैत्रिणीनं आणून दिला होता आणि त्यावर सहीच नव्हती. मी तो बाद करायला घेतला. लाल पेनही उघडलं होतं. प्राचार्य म्हणाले, "अहो सर, पोरगी कॉटन मार्केटला बापासोबत गाडीवर बसून आहे. कितीसं दूर आहे? जाऊन घ्या न सही."

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरात यायचं ते कापसामुळेच, आणि चांगल्या कारणासाठी नाही. खरेदी केंद्राच्या बाहेर गाड्यांची लाईन एस.टी. स्टँडच्याही पुढे गेली होती. टोकन घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत गाडी सोडायची नाही. कोणी दोन दिवस, कोणी चार दिवस तिथेच. बैल सोडून बांधलेले, दगडांच्या चुली मांडलेल्या. मी लुना लाईनीच्या कडेनं नेत करुणाला शोधलं. ती कापसाच्या गंजीवर मांडी घालून फिजिक्स वाचत होती. वडील चारा आणायला गेले होते.

मी खालूनच अर्ज वर केला. "ही सही राहिली. नियमाप्रमाणे अर्ज बाद होतो. पण मी आलो."

"सॉरी सर," म्हणत तिनं सही केली. मग म्हणाली, "सर, एक विचारू? सचिवाच्या पत्रानं बसचा टाईम बदलते न?"

"कोणत्या बसचा?"

"आमच्या गावची शेवटची बस सव्वाचारले सुटते. प्रॅक्टिकल संपते पाचले. आम्ही चार पोरी होतो, अर्धं प्रॅक्टिकल सोडून पळत सुटतो. मागच्या महिन्यात बस हुकली त मंगलाच्या बाबानं तिचं कॉलेजच बंद केलं. माहे बाबा म्हणते, एवढं वर्ष पाहू. बस नाही झाली त पुढच्या वर्षी तू बी घरी."

"मग डेपोत सांगायचं."

"गेलतो सर. डेपो मॅनेजर म्हणते, कॉलेजचं पत्र आणा, पोरापोरींची तोंडी तक्रार चालत नाही. मागच्या सचिवाले दोनदा सांगतलं. तो म्हणे, गॅदरिंग होऊ द्या, मंग पाहू. त्याची मोटारसायकल आहे, त्याले कायले बस पाहिजे? म्हणून मीच फॉर्म भरला."

मला तिचं फार कौतुक वाटलं. लोकशाहीत प्रश्न असेच सुटतात, यावर मी तिला कापसाच्या गाडीखाली उभा राहून पाच मिनिटं व्याख्यान दिलं. शेवटी म्हणालो, "तू निवडून ये. मग पाहू." आणि लुनाला किक मारली. परतताना मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं.

आता मतदानाचा दिवस. बारा वाजता जीप आली. सहा मुलगे उतरले, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल, डोळे झोपेनं जड. मी त्यांना खोली नंबर सातमध्ये बसवलं. मुली आधीच आल्या होत्या.

माझी व्यवस्था सांगतो, म्हणजे माझी तयारी लक्षात येईल. एका बाकावर एक मतदार. बाकावर खडूनं नंबर. मतपत्रिका सायक्लोस्टाईल केलेल्या. प्रत्येक मतपत्रिकेला जोडून काउंटरफॉईल, म्हणजे पावतीपुस्तकात मागे राहतो तसा तुकडा. दोन्हींवर एकच नंबर. मतपत्रिका फाडून द्यायची आणि काउंटरफॉईलवर मतदाराची सही घ्यायची. बोगस मतपत्रिका पेटीत पडू नये म्हणून. अकरा माणसांत, ज्यांना मी नावानं, गावानं आणि गुणांनी ओळखतो, त्यांच्यात बोगस मतदार येणार कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. मी प्रत्येकाच्या बोटाला शाईही लावली.

मतपत्रिकेवर पेननं काही लिहायचं नाही, असा माझा कडक नियम होता. कारण सगळ्यांचं अक्षर मला ओळखू येतं. मत गुप्त राहायला पाहिजे. म्हणून शिक्का मारायचा. फुलीचा शिक्का मिळाला नाही, तर ऑफिसमधला 'सत्यप्रत' लिहिलेला शिक्का आणला. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा केला, मागे शिक्का आणि पॅड.

या सगळ्याचे लेखी नियम मी स्वतः केले होते, एकूण बारा. त्यांतला नववा माझा विशेष लाडका. 'निकालानंतर तीन दिवसांच्या आत कोणत्याही उमेदवारास काउंटरफॉईल व मतपत्रिका पडताळून पाहता येतील.' पारदर्शकता हा शब्द तेव्हा नवीनच आला होता आणि मला तो फार आवडायचा.

परीक्षेत प्रश्नपत्रिका वाटतो तशा मी अकराही मतपत्रिका बाकाबाकावर वाटल्या, सह्या घेतल्या, काउंटरफॉईलं पाकिटात घातली. आता पाकीट सील करायचं. मेणबत्तीवर लाख धरली. ती वितळली आणि पाकिटावर पडायच्या ऐवजी माझ्या मांडीवर पडली.

मी ओरडलो. मुलं उठून उभी राहिली. "बसा! कोणी जागा सोडायची नाही," असं म्हणून मी नळाकडे पळालो. रामभाऊ दारात होते, पण त्यांना मी तोंड बाहेर करून उभं राहायला सांगितलं होतं, बाहेरून कोणी येऊ नये म्हणून. मी चारेक मिनिटांनी ओल्या पॅन्टनं परत आलो. सगळी अकरा मुलं शहाण्यासारखी आपापल्या जागी बसली होती. माझा धाक असा, म्हटलं.

एकेकानं आडोशामागे जाऊन शिक्का मारला, डब्यात मतपत्रिका टाकली. लगेच मोजणी. प्रशांतच्या नावापुढे पाच सत्यप्रती. करुणाच्या नावापुढे सहा.

प्रशांतनं एकदा आपल्या पाच गड्यांकडे पाहिलं. पाचही जण छताकडे पाहत होते. मी निकाल वाचला, सही केली आणि मनात म्हटलं, लोकशाही जिंकली. हे समाधान तीन वाजेपर्यंत टिकलं.

तीन वाजता प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. बापूसाहेब बसले होते. त्यांच्या हातात माझ्या नियमांची प्रत होती.

"सर, नियम नऊ वाचा," ते म्हणाले.

मी वाचला. स्वतःचं वाक्य इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे नंबर लावून पाहता येते, कोणानं कोणाले मत देलं?"

"तांत्रिकदृष्ट्या…" मी सुरुवात केली.

"होये का नाही, एवढं सांगा."

"होय."

"मंग काढा. दोन दिवस खाऊ घातलं, गणपतीपुढं शपथ घेतली. पाचांतला एक फुटला. तो कोण ते समजलं, का त्याले इथं बोलावतो. शिक्का चुकून मारला असं तो लिहून देईल आणि तुम्ही फेरमतदान घ्याल. दुसऱ्या वेळी चूक होणार नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सर, हा नियम कोणी लिहिला?"

"मी."

"काहून?"

"पारदर्शकता," मी पुटपुटलो.

पाकीट आणायला मी बाहेर आलो. ज्या पोरानं शपथ मोडून मत दिलं होतं, त्याला आता माझ्या कागदावरून पकडणार होते. फेरमतदान झालं असतं, करुणा हरली असती आणि पुढच्या वर्षी कॉलेजात दिसली नसती. आणि हे सगळं मी नियमानुसार, नंबर टाकून, सह्या घेऊन करून ठेवलं होतं. एखाद्या गुंडालाही इतकं नीटनेटकं जमलं नसतं.

रामभाऊ स्टोव्हवर चहा करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सर, ते पाकीट इथं ठेवा अन् तुम्ही मुतारीत जाऊन या. स्टोव्हचा भडका उडते कधी कधी."

मी नको म्हणालो. नियमासाठी नाही. घाबरलो होतो म्हणून.

नियमाप्रमाणे पडताळणी दोन्ही उमेदवारांसमोर हवी. करुणाला आणि प्रशांतला बोलावलं. मी करुणाला हळूच म्हणालो, "तू हरकत घेऊ शकतेस. लेखी दे, मी थांबवतो."

"नाही सर," ती म्हणाली. "दाखवा न."

मला वाटलं, पोरीला काय चाललंय ते कळलेलं नाही.

"काका, मी काय म्हणतो," प्रशांतनं तोंड उघडलं.

"तू चूप राह्य," बापूसाहेब म्हणाले. "तुले पाच पोट्टे सांभाळता नाही आले."

"पण काका…"

"चूप म्हणलं न!"

मी पाकीट फोडलं. काउंटरफॉईलं डावीकडे, मतपत्रिका उजवीकडे.

"पह्यले आमच्या प्रशांतचं काढा," बापूसाहेब म्हणाले. "म्हणजे पद्धत समजते."

प्रशांतच्या सहीचं काउंटरफॉईल नंबर चार. मी मतपत्रिका नंबर चार काढून टेबलावर ठेवली. सगळे वाकले. सत्यप्रत हा शिक्का करुणाच्या नावापुढे होता.



"प्रशांत," बापूसाहेब फार हळू आवाजात म्हणाले, "तू?"

"काका, गणपतीची आण, मी मलेच मारलं!"

मी करुणाचं काउंटरफॉईल काढलं. नंबर नऊ. मतपत्रिका नंबर नऊ काढली. शिक्का प्रशांतच्या नावापुढे.

म्हणजे माझ्या कागदपत्रांनुसार दोन्ही उमेदवारांनी एकमेकांना मत दिलं होतं. इतकी सभ्य निवडणूक या जिल्ह्यात कधी झाली नसेल.

"हेच सांगून राह्यलो होतो काका," प्रशांत म्हणाला. "सर पॅन्ट धुवाले गेलते न, तवा आम्ही साऱ्या चिठ्ठ्या एकत्र करून पिसल्या अन् पुन्हा वाटल्या. कोणाची कोणाले गेली, कोणालेच माहीत नाही."

"पिसल्या? कोणी?"

"मीच. माहा हात चांगला आहे पत्त्यात."

"अबे, पण कायले?"

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. करुणा म्हणाली, "मी सांगतलं पिसाले. चिठ्ठीवर नंबर होता अन् सरनं त्याच नंबरावर सही घेतली. तीन दिवस लाईनीत टोकन घेऊन बसलो न, नंबर दिसला का पह्यले वाटते, हा कोणाच्या कामाचा आहे. प्रशांतलेबी पटलं. बाकीचेही हो म्हणले."

प्राचार्य खोकले. तो खोकला नव्हता हे मला समजलं.

बापूसाहेबांनी चार नंबरची मतपत्रिका उलटसुलट करून पाहिली. मग पुतण्याकडे पाहिलं. "पिसल्या," ते पुन्हा एकदा म्हणाले. शेवटी रामभाऊंनी आणलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि उठले. प्राचार्यांनी लिहिलं, 'पडताळणी झाली. निकाल कायम.' करुणाला सहावा शिक्का कोणी मारला ते मला आजतागायत माहीत नाही. माझ्या नियमांना ते कळलं नाही, हे बरं झालं.

व्हरांड्यात मी करुणाला गाठलं. मला वाटलं, पोरांनी बापूसाहेबांपासून मत लपवलं. हुशारीचं कौतुक करावं. म्हणालो, "बापूसाहेबांना हा नियम सापडेल हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"बापूसाहेबाचं कायले सर," ती म्हणाली. "तुमचं भेव होतं."

"माझं?"

"परीक्षा तुमच्याकडं, हजेरी तुमच्याकडं. कोणी कोणाले मत देलं तेबी तुमच्याच पाकिटात. प्रशांतचे दोन विषय राह्यले, तो त लय घाबरला. बापूसाहेब निवडणुकीपुरते येते सर. तुम्ही तीन वर्षं असता."

ती हे अगदी साधेपणानं बोलली, हवामान सांगावं तसं. मला फार लागलं. एवढी वर्षं मी समजत होतो, की मी त्यांचं मत राखणारा आहे. लाख लावणारा, आडोसा करणारा. आणि त्या अकरा पोरांचं एकमेव एकमत झालं होतं ते मला चुकवण्यावर.

पुढच्या सोमवारी सचिव करुणा परिषदेचं पत्र घेऊन आली. माझी सही लागत होती. सात ओळींचं पत्र. प्रॅक्टिकल पाचला संपतं, बस सव्वाचारला सुटते, ती सव्वापाचला सोडावी. खाली मुलींच्या गावांची नावं. मी शुद्धलेखन तपासायला पेन उघडलं आणि बंद केलं. काही चूक नव्हती. सही केली. म्हणालो, "मीही येतो डेपोत." काहीतरी भरपाई करावी असं वाटत होतं.

डेपो मॅनेजर खुर्चीत रेलून बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, मागच्या भिंतीवरचा तक्ता पाहिला, बेल वाजवून एका क्लार्कला बोलावलं. दोघं मिनिटभर बोलले.

"होते," मॅनेजर म्हणाले. "पुसदची गाडी उशिरा येते, तिलेच तिकडून फिरवतो. एक तारखेपासून सव्वापाच."

झालं. इतकंच. मला वाटलं होतं निवेदन, स्मरणपत्र, शिष्टमंडळ वगैरे लागेल. स्मरणपत्राचा मसुदा मी खिशात घालूनच आणला होता.

मॅनेजरनी पत्राच्या खालची माझी सही आणि हुद्दा वाचला. "सर, कॉलेजचं साधं पत्र पाहिजे होतं. कोणाचंबी चाललं असतं, तुमचंबी. मी या पोरीले दोन वर्षांपासून सांगून राह्यलो. आधी काहून नाही पाठवलं?"

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात कॉलेजच्या लेटरहेडचा गठ्ठा होता. कापसाच्या गाडीशी उभा होतो तेव्हाही तो तिथेच होता. त्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाच्या वेळात अशी दोन पत्रं झाली असती.

मी काही बोलायच्या आधी करुणाच म्हणाली, "आधी निवडणूक घ्या लागली साहेब."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मला सांभाळून घेत होती, आणि ते मला टोमण्यापेक्षा जड गेलं.

बस सुरू झाली. करुणाचं बी.एस्सी. पूर्ण झालं. मंगलाच्या घरी करुणाच जाऊन आली, पण तिचं लग्न ठरलं होतं.

त्यानंतर मी पाच निवडणुका घेतल्या. बाराचे दोन नियम केले. मतपत्रिकेवर नंबर नाही, आणि मतदान चालू असताना निवडणूक अधिकारी खोलीबाहेर. आणि कोणी पोरगं काही मागायला आलं, तर मी आधी स्वतःशी विचार करतो, याला खरंच निवडणूक लागते का. बहुतेक वेळा एक कागद आणि माझी सही पुरते.